जीबीएस शोधलं आणि नवजात बाळांचे लेख आले : वैद्यकीय संशोधन नीट शोधायचं कसं?

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात एका आजाराचं नवंच नाव घरोघरी पोचलं. वर्तमानपत्रांत ते कधी गुलेन बॅरी, कधी गुईलेन बॅरे, तर कधी गियाँ बारे असं छापून येई. म्हणताना जीभ अडखळायची, म्हणून शेवटी सगळे ‘जीबीएस’ म्हणू लागले. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते, आधी पायांतली आणि मग हातांतली ताकद जाते, काही जणांना श्वासासाठी व्हेंटिलेटर लागतो. मार्चपर्यंत संशयित रुग्णांचा आकडा २०० च्या वर गेला होता. आमच्याकडे पाणी उकळायला चढवलेलं पातेलं कित्येक आठवडे गॅसवरून उतरलं नाही.

त्या दिवसांत एक प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला. शेजारच्या काकूंनी तर जिन्यातच थांबवलं. “अगं, तुझ्याकडे सगळे डॉक्टर येतात ना? मग सांग बरं, ते महागडं इंजेक्शनच का लावतात? नसांना सूज आहे म्हणतात, तर स्टेरॉइड का नाही देत? ते स्वस्त असतं की.”

मी डॉक्टर नाही. पुण्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. पण काकूंचा प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्याचं उत्तर ज्या वाटेनं मिळतं ती माझ्या रोजच्या पायाखालची आहे. जगभर या आजारावर झालेल्या सगळ्या चाचण्या कुणीतरी चिकाटीनं हुडकल्या, एकत्र मांडल्या, पारखल्या, तेव्हा ते उत्तर हाती आलं. यातला ‘सगळ्या’ हा शब्द लिहायला सोपा आहे. तो खरा करायला काय करावं लागतं, ते आज सांगते.

सिस्टेमॅटिक रिव्ह्यू म्हणजे काय?

समजा, एखाद्या औषधाच्या दहा चाचण्या झाल्या. तीनमध्ये गुण आला, पाचांत काहीच फरक दिसला नाही, दोनांत उलट त्रास वाढला. आता गुण आलेल्या तीनच चाचण्या हाताशी घेऊन कुणीही झकास लेख लिहू शकतो, आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नसेल. सिस्टेमॅटिक रिव्ह्यूत ही मुभा नसते. प्रश्न आधी नेमका ठरवायचा, कोणत्या चाचण्या धरणार आणि कोणत्या नाही याचे नियम आधी लिहायचे, मग त्या प्रश्नावरचा प्रत्येक अभ्यास शोधायचा, त्याचा दर्जा तपासायचा आणि जमत असेल तर आकड्यांची एकत्र मांडणी करायची. (यापुढे मी नुसतं ‘रिव्ह्यू’ म्हणेन.) नियम नंतर सोयीनं बदलू नयेत म्हणून ते आधीच जाहीर नोंदवण्याची सोय आहे. ‘प्रॉस्पेरो’ नावाची ती नोंदवही ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठानं २०११ मध्ये सुरू केली.

अशा रिव्ह्यूंसाठी सगळ्यात नावाजलेली संस्था म्हणजे कॉक्रेन. आर्ची कॉक्रेन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९७९ मध्ये आपल्याच व्यवसायबंधूंना सुनावलं होतं की, प्रत्येक शाखेतल्या चाचण्यांचा वेळोवेळी ताजा केलेला आढावा आपल्याजवळ नाही, हा आपल्या पेशावरचा मोठा ठपका आहे. त्यांच्या नावानं १९९३ मध्ये ही संस्था उभी राहिली. २००७ मध्ये आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, पैसे भरून कॉक्रेनचे रिव्ह्यू भारतातल्या कुणालाही मोफत वाचता येतील अशी सोय केली. मला ती घटना फार मोलाची वाटते, कारण त्याआधी असा रिव्ह्यू मुळातून वाचायचा तर कुणा श्रीमंत संस्थेत ओळख लागायची.

काकूंच्या प्रश्नावरही कॉक्रेनचा रिव्ह्यू आहे. २०१६ च्या आवृत्तीत मुख्य उत्तरासाठी ६ चाचण्यांतल्या ५८७ रुग्णांची माहिती वापरली गेली. निष्कर्ष असा की, नुसत्या स्टेरॉइडनं जीबीएसचा रुग्ण लवकर बरा होत नाही. तोंडानं दिलेल्या गोळ्यांच्या ४ लहान चाचण्यांत, मिळून १२० रुग्णांत, गोळ्या घेणाऱ्यांची सुधारणा उलट कमीच दिसली. हा पुरावा भक्कम नाही हेही रिव्ह्यूत स्वच्छ लिहिलंय. त्या महागड्या इंजेक्शनवर, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनवर, वेगळा रिव्ह्यू आहे. लक्षणं सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ते दिलं तर रक्तातला प्लाझ्मा बदलण्याच्या उपचाराइतकाच त्याचा उपयोग होतो, असं त्यातून दिसतं.

काकूंचा तर्क वावगा नव्हता. सुजेवर स्टेरॉइड चालतं, याच्याच एका जुनाट भावंड-आजारात ते खरोखर चालतंही. पण तर्काला जे बरोबर वाटतं ते रुग्णाच्या अंगात तसंच घडेल असं नाही. ते चाचणी करूनच कळतं, आणि चाचणी झाली असली तरी ती सापडावी लागते.

एकच चौक, दोन नावं

जीबीएसची साथ चालू असतानाच एम.डी.च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आला. याच आजाराच्या उपचारांवर त्याला रिव्ह्यू करायचा होता. “मॅडम, काहीतरी गडबड आहे. जीबीएस टाकलं तर नवजात बाळांचे नि गरोदर बायकांचे लेख येतायत.”

गडबड काही नव्हती. वैद्यकात ‘जीबीएस’ हे ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस या जंतूचंही लघुरूप आहे, आणि तो जंतू गरोदरपणात आणि नवजात बाळांत महत्त्वाचा. संगणकाला बिचाऱ्याला किरकटवाडी कुठे माहीत!

मग त्यानं आजाराचं पूर्ण नाव टाकलं. लेख आले, भरपूर आले, आणि तो खूश झाला. मी त्याला दोन जुन्या चाचण्यांची शीर्षकं कागदावर लिहून दिली आणि या तुझ्या यादीत आहेत का ते बघ म्हटलं. एक १९७६ मधली, तिच्या शीर्षकात आजाराचं नाव आहे ‘इडिओपॅथिक पॉलिन्यूरायटिस’. दुसरी १९७८ मधली, लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापलेली, ४० रुग्णांची, तिच्या शीर्षकात आहे ‘ॲक्यूट पॉलिन्यूरोपथी’. दोन्ही स्टेरॉइडच्या याच प्रश्नावरच्या. दोन्हींच्या शीर्षकांत ना गियाँ, ना बारे. फक्त शीर्षकात पूर्ण नाव शोधणाऱ्याला त्या दिसणारच नाहीत. १९७८ ची ती चाचणी तर कळीची आहे, कारण स्टेरॉइड घेतलेले रुग्ण मागे पडलेले तिच्यातच दिसले होते. तीच सुटली तर उत्तराचा तोल बिघडतो.

पुण्यात राहणाऱ्याला हे समजायला जड जाऊ नये. पाहुण्याला ‘लोकमान्य टिळक चौकात या’ म्हटलं तर रिक्षावाला विचारतो, “म्हणजे अलका टॉकीजला ना?” फर्ग्युसन रस्त्याच्या पाटीवर गोखल्यांचं नाव आहे, स्वारगेटच्या चौकावर जेध्यांचं. जागा तीच, पण शोधणाऱ्याला सगळी नावं ठाऊक हवीत. जुन्या लेखांत तर खुद्द आपल्या गावाचं स्पेलिंगही ‘पूना’ असं सापडतं.

म्हणून शोधाची पहिली पायरी म्हणजे कागद-पेन घेऊन बसणं. आजाराची सगळी नावं: आजची, जुनी, लघुरूपं, ब्रिटिश स्पेलिंग, अमेरिकन स्पेलिंग, फ्रेंच नावातला तो तिरका काना असलेलं आणि नसलेलं. औषधाचीही सगळी: स्टेरॉइड, कॉर्टिकोस्टेरॉइड, प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, शिवाय १९७६ च्या चाचणीत वापरलेलं एसीटीएच, म्हणजे शरीराला स्वतःचं स्टेरॉइड बनवायला लावणारं संप्रेरक. हळदीवर काम करणाऱ्या विद्यार्थिनीच्या यादीत टर्मेरिक, करक्युमिन, करक्युमा लोंगा, हरिद्रा आणि हल्दी, सगळं असावं लागतं. या यादीवर एक सबंध दुपार गेली तरी ती वाया गेली असं मी कधी म्हणणार नाही.

शब्दाच्या शेपटीची एक युक्ती आहे. ‘पॉलिन्यूर’ लिहून पुढे तारांकन टाकलं की पॉलिन्यूरायटिस आणि पॉलिन्यूरोपथी दोन्ही येतात. आपण क्रियापदाचा धातू शोधावा आणि त्याची सगळी रूपं हाती यावीत, तसं. मात्र फार आखूड तोडलं, नुसतं ‘न्यूर’ ठेवलं, तर मेंदूपासून मानसोपचारापर्यंत सगळं दारात येऊन उभं राहतं.

लेखांचा सिटी सर्व्हे नंबर

पेठेतल्या वाड्याचं नाव बदलतं, मालक बदलतो, वाडा पाडून इमारत उभी राहते, पण सिटी सर्व्हे नंबर जागेला चिकटून राहतो. वैद्यकीय लेखांनाही असे नंबर असतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयानं १९६० च्या दशकापासून ठरावीक विषयशब्दांची एक यादी सांभाळली आहे, तिला ‘मेश’ म्हणतात. लेखकानं पॉलिन्यूरायटिस लिहो की आणखी काही, लेख याच आजाराचा असेल तर त्यावर एकच ठरलेला विषयशब्द चढतो. पबमेड हा त्या ग्रंथालयाचा मोफत डेटाबेस १९९७ पासून सगळ्यांसाठी खुला आहे, आणि आज त्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत.

मग नुसत्या मेशवर का भागत नाही? अगदी ताज्या लेखावर तो शब्द अजून चढलेला नसतो, आणि पबमेडमधल्या काही नोंदींवर तो कधीच चढत नाही. शिवाय हे शब्द चढवण्याचं काम आता बहुतांशी संगणक करतो, तेव्हा चुकाही होतात. म्हणून मेशचा शब्द घ्यायचा आणि आपली ती लांबलचक यादीही घ्यायची, दोन्ही.

एक छोटी पण फार उपयोगाची गोष्ट. पबमेडच्या पेटीत तुम्ही शब्द टाकता तेव्हा ते स्वतःच्या अकलेनं त्याचा अर्थ लावतं आणि भलतेच शब्द जोडून शोधतं. ‘ॲडव्हान्स्ड’ पानावर इतिहासात ‘डिटेल्स’ उघडून बघा, नेमकं काय शोधलं गेलं ते तिथे दिसतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांतल्या निम्म्यांचं कोडं तिथेच सुटतं.

अँड, ऑर आणि स्थळं पाहणं

हे शब्द जोडायला दोनच साधे जोडशब्द पुरतात. ‘ऑर’ म्हणजे हे किंवा ते. एका गोष्टीच्या सगळ्या नावांना ऑरनं जोडायचं, जाळं रुंद होतं. ‘अँड’ म्हणजे हेही आणि तेही. आजाराच्या नावांचा गठ्ठा अँड औषधाच्या नावांचा गठ्ठा, जाळं आवळतं.

खरी चूक अँडमध्ये होते. लग्नासाठी स्थळं पाहताना काय होतं आठवा. शिक्षण इतकं हवं, पुण्यातच नोकरी हवी, उंची अमुक, पत्रिका जुळावी. प्रत्येक अटीगणिक यादी आखडते. आणि कधी कधी सर्वार्थानं चांगलं स्थळ गळतं, का, तर त्यांनी फॉर्मवर उंचीचा रकाना कोराच ठेवला होता! संशोधनातही हेच घडतं. विद्यार्थी लिहितो: आजार अँड औषध अँड मृत्यू अँड व्हेंटिलेटर अँड स्नायूंची ताकद. लेखात हे सगळं मोजलेलं असेलही, पण गोषवाऱ्याच्या दोन-अडीचशे शब्दांत ते लिहिलेलं नसेल तर लेख गळाला. म्हणून परिणामांचे शब्द सहसा शोधात घालतच नाहीत. आजार, उपचार आणि फार तर अभ्यासाचा प्रकार, इतक्यावर थांबायचं. बाकीच्या अटी माणसानं वाचून लावायच्या.

‘नॉट’ हाही एक जोडशब्द आहे. त्याच्यापासून लांब राहा. आमच्या विद्यार्थ्याला वाटलं, बाळांचा तो जंतू नकोच आहे, ‘नॉट स्ट्रेप्टोकोकस’ लिहिलं की झालं. पण आधी कोणते जंतुसंसर्ग झाले होते हे सांगताना एखाद्या खऱ्या जीबीएसच्या लेखात स्ट्रेप्टोकोकस हा शब्द एकदा जरी आला असेल, तरी तो लेखही जाईल. नुसतं लघुरूप शोधायचं सोडून दिलं आणि ते आजाराच्या इतर शब्दांच्या जोडीनं घेतलं की काम भागतं.

इतके लेख कोण वाचणार?

हा आक्षेप हटकून येतो. जाळं रुंद टाकलं की हजारो नोंदी येतात, आणि त्यांतल्या बहुतेक निरुपयोगी असतात. तांदूळ निवडायला बसल्यावर ताटात खडे जास्त नि दाणे कमी, अशी गत.

पण चूक कोणत्या बाजूला परवडते ते पाहायला हवं. ताटात खडा आला तर वेचून टाकता येतो. चाळणीतून खाली पडलेला दाणा पुन्हा कुणाच्या नजरेस पडत नाही. म्हणून रिव्ह्यूच्या शोधात जाणूनबुजून फापटपसारा पत्करतात.

निवडायचीही रीत आहे. आधी दुहेरी नोंदी काढायच्या, कारण एकच लेख तीन डेटाबेसांतून तीनदा येतो. मग दोन माणसं एकमेकांना न विचारता शीर्षकं आणि गोषवारे वाचतात. मतभेद झाला तर बोलून, नाहीतर तिसऱ्याला विचारून सोडवतात. उरलेले लेख पूर्ण वाचायचे, आणि या टप्प्यावर गाळलेल्या प्रत्येकाचं कारण लिहायचं. किती आले, किती गेले, किती राहिले याचा एक ठरावीक आराखडा असतो, ‘प्रिझ्मा’ नावाचा, २००९ मध्ये आलेला आणि २०२० मध्ये सुधारलेला. यात वेळ जातो हे खरंच आहे. प्रॉस्पेरोत नोंदवलेल्या १९५ रिव्ह्यूंचा हिशोब कुणीतरी मांडला होता, तर नोंदणीपासून छापून येईपर्यंत सरासरी ६७ आठवडे लागलेले दिसले.

पण गूगल आहे की!

आहे, आणि चटकन काही पाहायचं असेल तर मीही गूगल स्कॉलर उघडते. पण रिव्ह्यूसाठी ते एकटं पुरत नाही. ते कितीही निकाल सापडल्याचं सांगो, प्रत्यक्षात पहिले १,००० च दाखवतं. कोणता वर, कोणता खाली हे कसं ठरतं ते आपल्याला कळत नाही. आज तुम्ही शोधलेलं उद्या दुसऱ्यानं तसंच शोधून पडताळावं म्हटलं तर जमत नाही.

पबमेडही एकटं पुरत नाही. आप्पा बळवंत चौकात एखादं जुनं पुस्तक शोधायला गेल्यावर एका दुकानदारानं ‘संपलं’ म्हटलं म्हणून कुणी घरी परततं का? उपचारांच्या चाचण्यांसाठी निदान तीन दुकानं पालथी घालावी लागतात: पबमेडच्या पोटातला मेडलाइन, युरोपकडची मासिकं आणि औषधांवरचे लेख जास्त असलेला एम्बेस, आणि कॉक्रेनचा चाचण्यांचा संग्रह सेंट्रल. एम्बेसला पैसे पडतात आणि आपल्याकडच्या पुष्कळ महाविद्यालयांत तो नसतो. तर मग तो शोधला नाही असं रिव्ह्यूत लिहावं. ते लपवण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

इंग्रजीतलेच लेख घ्यायचे ही अटही शोधताना घालू नये. आणि भारतातल्या मासिकांना दुय्यम समजू नये, हे माझं कळकळीचं सांगणं. स्टेरॉइडच्या त्या रिव्ह्यूत धरलेली १९९६ ची एक चाचणी जर्नल ऑफ द असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियात छापलेली आहे.

शोध संपत आला की लग्नाच्या आमंत्रणांची यादी करताना करतो तेच करायचं. मामांना यादी दाखवली की ते म्हणतात, “अरे, नाशिकच्या माईंना विसरलात!” तसं हाती आलेल्या प्रत्येक लेखाच्या शेवटची संदर्भयादी वाचायची, आणि त्या लेखाचा पुढे कुणी कुणी संदर्भ दिला तेही पाहायचं. शब्दांच्या जाळ्यातून निसटलेले लेख इथे सापडतात.

साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं कशाला उकरायचं?

२००१ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्यावर एक अभ्यास चालू होता. धडधाकट स्वयंसेवकांना हेक्झामेथोनियम नावाचं जुनं औषध श्वासावाटे दिलं जात होतं. २४ वर्षांच्या एका निरोगी तरुणीला ते दिल्यावर खोकला सुरू झाला, फुप्फुसं निकामी होत गेली, आणि महिन्याभरात ती गेली.

नंतर चौकशी झाली. संशोधकानं औषधाची सुरक्षितता तपासायला पबमेड पाहिलं होतं. त्या वेळी पबमेड मागे १९६६ पर्यंतच जात होतं. या औषधानं फुप्फुसांना इजा होते असे अहवाल १९५० च्या दशकातले होते, ग्रंथालयाच्या फडताळातल्या छापील खंडांत. अमेरिकी सरकारनं त्या विद्यापीठातलं सरकारी पैशावर चालणारं, माणसांवरचं जवळपास सगळं संशोधन काही दिवस बंद पाडलं.

ग्रंथालयात काम करणाऱ्या कुणालाही ही गोष्ट विसरता येत नाही. आमच्याकडच्या तळघरात बांधीव खंडांवर धूळ बसते, जागेची अडचण आली की ‘हे रद्दीत काढा’ अशी सूचना वरचेवर येते. मी दर वेळी हीच हकिगत सांगते.

जे छापलंच नाही ते कसं सापडणार?

शोध कितीही चांगला केला तरी एक भिंत लागते. सगळे अभ्यास छापून येत नाहीत, आणि न छापलेले कोणते असतात हा योगायोग नसतो. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका गटानं नैराश्यावरच्या १२ औषधांच्या, तिथल्या औषध नियंत्रकाकडे नोंदवलेल्या ७४ चाचण्या घेतल्या आणि त्यांतल्या किती मासिकांत छापून आल्या ते तपासलं. नियंत्रकाच्या मते अनुकूल निकालाच्या ३८ चाचण्या होत्या. त्यांतल्या ३७ छापल्या गेल्या. प्रतिकूल किंवा संशयास्पद निकालाच्या ३६ होत्या. त्यांतल्या २२ छापल्याच नाहीत, ११ जणू अनुकूलच असल्यासारख्या छापल्या, आणि फक्त ३ जशा होत्या तशा छापून आल्या. नुसती मासिकं वाचणाऱ्याला ९४ टक्के चाचण्या यशस्वी दिसणार. प्रत्यक्षात ५१ टक्के होत्या.

यावर उपाय म्हणून चाचणी सुरू होण्याआधीच ती जाहीर नोंदवायची पद्धत आली. भारताची नोंदवही, सीटीआरआय, २० जुलै २००७ रोजी सुरू झाली. औषधांच्या चाचण्यांसाठी १५ जून २००९ पासून ही नोंदणी सक्तीची झाली, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच ती करावी लागते. ती कुणालाही मोफत उघडून पाहता येते. नोंद आहे, मुदत उलटून वर्षं झाली, पण निकाल कुठेच नाही, असं दिसलं की रिव्ह्यू करणाऱ्यानं संशोधकांना पत्र लिहायचं. उत्तर आलं तर उत्तम, नाही आलं तर ‘विचारलं, मिळालं नाही’ हे नोंदवायचं.

आणि प्रबंध! दर वर्षी राज्यातले शेकडो एम.डी.-एम.एस.चे विद्यार्थी दोन-तीन वर्षं राबून प्रबंध लिहितात. सोनेरी अक्षरांच्या बांधणीत त्याची एक प्रत आमच्या कपाटात येते आणि पुष्कळदा तिथेच राहते. पीएच.डी.चे प्रबंध निदान ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर सापडतात. या कपाटांतल्या रुग्णांनी आपलं रक्त दिलंय, फॉर्मवर सह्या केल्यात, पुन्हा पुन्हा ओपीडीच्या रांगेत उभे राहिलेत. ती माहिती कुणाच्या हाती लागू नये याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एआयला विचारलं तर नाही का चालणार?

आता हा प्रश्न रोजचा झालाय. पर्यायी शब्द सुचवायला त्याचा उपयोग होतो. आमच्या यादीतला एखादा शब्द राहिला असेल तर ते आठवण करून देतं. पण ‘या विषयावरच्या दहा चाचण्या दे’ म्हटलं की कधी कधी दहातले काही लेख अस्तित्वातच नसतात. मासिकाचं नाव खरं, लेखकाचं आडनाव ओळखीचं, वर्ष पटण्याजोगं, आणि लेख मात्र कुणी लिहिलेलाच नाही. असा संदर्भ घेऊन मूळ प्रत मागायला आलेल्या मुलाबरोबर मी अर्धा तास घालवलाय. म्हणून प्रत्येक संदर्भ मुळातून उघडून बघायचा, आणि शोध मात्र डेटाबेसमध्येच घ्यायचा, जिथे काय टाकलं नि काय आलं याची नोंद राहते.

रिव्ह्यू हातात आला तर आधी काय वाचू?

निष्कर्षाच्या आधी शोधाचा परिच्छेद वाचा. कुठे कुठे शोधलं, कोणत्या तारखेपर्यंत, भाषेची अट होती का, चाचण्यांच्या नोंदवह्या पाहिल्या का. पूर्ण शोध, शब्दन् शब्द, परिशिष्टात दिलेला असला पाहिजे. ‘आम्ही पबमेड आणि गूगलवर शोध घेतला’ एवढ्या एका ओळीवर ज्यांनी काम भागवलंय, त्यांच्या निष्कर्षावर माझा विश्वास बसत नाही, मग मासिक कितीही मोठं असो.

आमच्या त्या विद्यार्थ्याचा शोध तीन आठवड्यांत चार वेळा बदलला. चौथ्यांदा १९७६ आणि १९७८ च्या त्या दोन्ही चाचण्या यादीत आल्या, तेव्हा त्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवून दाखवला. त्या दिवसाची तारीख टाकून आम्ही शोधाच्या ओळी जशाच्या तशा छापून घेतल्या.

काकूंनाही मी जिन्यातच सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “तो रिव्ह्यू २०१६ चा म्हणतेस. मग त्यानंतर कुणी काही केलं असेल तर?”

हाच प्रश्न मी दुसऱ्या दिवशी त्या मुलापुढे ठेवला. डेटाबेसमध्ये नोंदी उशिरा चढतात, त्यामुळे जुना शोध जिथे थांबला होता त्याच्याही वर्षभर मागून सुरुवात करायची, असं आमचं ठरलं. २०१५ पासूनच्या नोंदी सध्या तो आणि त्याची एक वर्गमैत्रीण निवडतायत, एकमेकांना न विचारता.